शेडचा नियम

भावाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरणं म्हणजे एक दिव्यच होतं. फाटकाशी चपला काढायच्या, त्याने दिलेले रबरी बूट चढवायचे, दारातल्या पसरट ट्रेमध्ये जंतुनाशकाचं पाणी असायचं त्यात ते बुडवायचे, अंगावर धुतलेला डगला घालायचा. आणि एवढं करूनही त्याच्या मनात आलं तर बाहेरूनच जाळीतून बघून परत फिरायचं. सख्ख्या बहिणीलाही सूट नाही.

"ताई, राग मानू नकोस," तो म्हणायचा, "पण बाहेरून कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही. एक पिल्लू आजारी पडलं की अख्खी शेड आडवी."

ताईला त्याचा राग येत नसे. धंदा आहे, जपायलाच हवा. नवी पिल्लं आली की काही दिवसांतच मानमोडीच्या रोगाची लस. बर्फाच्या पेटीतून आणायची, कालवायची, आणि एकेका पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब. भावाने पिल्लू धरायचं, वहिनीने थेंब सोडायचा. एकही सुटता कामा नये.

सुटली होती ती एकच. त्यांची चार वर्षांची चिमी.

तिला जन्मल्यापासून एक सुई लागलेली नव्हती. विषय निघाला की भाऊ खुर्चीत पुढे सरकायचा, शर्टाच्या बाह्या वर सारायचा आणि सुरू व्हायचा. बाजारात लोकांनी त्याला 'प्रोफेसर' नाव ठेवलं होतं ते उगाच नव्हे.

"मुलगी आमची. तिच्या अंगात काय जावं ते आईबाप ठरवणार. डॉक्टर कोण लागून गेला? देवाने शरीर दिलंय ते पूर्ण दिलंय. त्यात भर घालणारे आपण कोण?"

आणि बाही सारलेल्या त्याच दंडावर, आईने लहानपणी कडेवर घेऊन रांगेत उभं राहून टोचून आणलेल्या लसीचा वाटोळा डाग सगळ्यांना दिसत असायचा. त्याला तेवढा दिसत नसे. वहिनी शेजारून मान हलवायची, "मी तर सगळं वाचून काढलंय." वाचून म्हणजे फोनवर, गॅसवरचं दूध वर येईपर्यंत.

ताईचं देवाशी रोजचं बोलणं होतं. म्हणूनच देवाचं नाव असं आळशाच्या उशीसारखं डोक्याखाली घेतलेलं तिला खपत नसे. देवाने पिल्लांचं शरीर काय अर्धंमुर्धं दिलं होतं? पण दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काही होत नाही.

त्या दुपारी ती पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती. आतल्या खोलीत तिचं सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं आणि त्याच्या शेजारी सुट्टी असलेला नवरा लवंडला होता. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं बाळ. गोवराची लस नऊ महिने झाल्यावर मिळणार होती. "तोवर जपा हो," दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, "गोवर फिरतोय सध्या."

बाहेर भावाची गाडी थांबली. तो चिमीला खांद्यावर टाकून, हातात तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन पायऱ्या चढू लागला.

"ताई, हिला दोन दिवस ठेव तुझ्याकडे. जरा अंग गरम आहे. आजच पिल्लांना लस द्यायचीय, आम्हा दोघांनाही मान वर करायला वेळ नाही. आणि घरात तापाचं माणूस असताना शेडमध्ये जा-ये करायची म्हणजे... पिल्लं कोवळी आहेत गं."

ताईने चिमीकडे पाहिलं. डोळे लाल, नाक वाहतंय, कपाळावर, कानामागे लाल पुरळ. कात्री टाकून ती दारात गेली.

"तिथेच थांब. पायरी चढू नकोस."

"काय झालं?"

"अहो!" तिने दार मागे ओढून घेत आत हाक मारली. "बाळाला उचला आणि मागच्या दाराने तुमच्या आईकडे जा. आत्ता. काही विचारू नका."

भावाच्या कपाळाला आठी पडली. "ताई, कमाल करतेस! सख्ख्या भाचीला दारात उभी करतेस?"

"तुझ्या शेडला जो नियम, तोच माझ्या घराला."

"अगं, ही माझी लेक आहे, कोंबडी नाही!"

"तेच तर तिचं नशीब फुटकं," ताई हळू आवाजात म्हणाली. ती कधीच आवाज चढवत नसे. त्यामुळे तिचं बोलणं जास्त झोंबायचं. "कोंबडी असती तर तुझ्या हातून सुटली नसती."

"हे बघ, तो आमचा निर्णय आहे. आईबापाचा अधिकार..."

"असू दे की. मीही कुणाची तरी आई आहे. माझा निर्णय असा, की तू या उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस."

चिमी खोकली. खोकताना तिचं एवढंसं अंग भावाच्या खांद्यावर हिसके खात होतं. "आत्या, पाणी," ती म्हणाली.

पोरीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? लहानपणी आईने दोघांनाही एकाच रांगेत गोवराचीही लस टोचून आणली होती, त्यामुळे ताईला स्वतःची भीती नव्हती. मागचं दार लागल्याचा आवाज आला तशी ती आत गेली, पाण्याची बाटली घेऊन आली, चिमीला भावाच्या खांद्यावरून उतरवून घेतलं आणि म्हणाली, "चल, दवाखान्यात."

"दवाखाना कशाला? दोन दिवसांत अंगातली ताकद आपोआप..."

"गाडी काढ."

गाडीत पुढच्या सीटवर बर्फाची पेटी होती. तिला सीटबेल्ट लावलेला होता. चिमी येताना मागे, खाद्याच्या पोत्यांवर आडवी होऊन आली होती. तिची शाल अजून तिथेच पडली होती. ताईने बेल्ट सोडला, पेटी पोत्यांवर ठेवली आणि चिमीला मांडीवर घेऊन पुढे बसली.

"उन्हात बर्फ वितळेल गं," भाऊ म्हणाला.

ताईने काच खाली केली आणि बाहेर बघत राहिली. वाटभर भाऊ पुन्हा पुन्हा आरशातून मागे बघत होता. पेटी सरकत तर नाही ना.

डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. "गोवरच आहे. आणि छातीत घरघर आहे. वेगळ्या खोलीत ठेवून घ्यावं लागेल. लस कधी दिली होती?"

प्रोफेसर कधी नव्हे ते शब्द शोधू लागले. "आम्ही नाही... म्हणजे आमचा तसा विचार..."

"घरात आणखी कुणी लहान?"

"माझं बाळ आहे," ताई म्हणाली. "पण हिचा वाराही त्याला लागलेला नाही. या दोघांना मी दारातच अडवलं."

"बरं केलंत. आणि हिलाही वेळेत आणलंत. उद्या आणली असती तर फार ओढाताण झाली असती."

नर्स चिमीला आत घेऊन गेली. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. ताईला क्षणभर वाटलं, आता याच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं तर आपण सगळं विसरू, शेवटी पाठचा भाऊ आहे. त्याने घड्याळ पाहिलं.

"ताई, एक सांगू? तिकडे तुझ्या वहिनीने लस कालवून ठेवली असेल. कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया जाते. आणि उरलेली माझ्या पेटीत आहे. तू आहेसच ना इथे?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. वळवळणाऱ्या किड्याकडे बघावं तसं, तेही चिरडायला पाय न उचलता.

"जा," ती म्हणाली. "बूट बुडवायला विसरू नकोस."

आणि तो खरंच गेला. खिडकीतून तिला दिसलं, त्याने मागून पेटी उचलली, झाकण उघडून बर्फ चाचपला, पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि बेल्ट लावला.

आत चिमीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता. हाताला सुई लावली होती आणि ती मुळीच रडत नव्हती. आत्याचा पदर मुठीत धरून तिने विचारलं, "बाबा कुठे गेले?"

ताईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"लस द्यायला, बाळा."