ओढ्याची ओटी

ओढा फुगला होता. पलीकडं कडेगावची वाट, अलीकडं जोतीराम, त्याची बायको रंगूबाई आणि वस्तीचं दूध नेणारा त्यांचा एकुलता फोर-बाय-फोर ट्रक. मिलिटरीतनं पेन्शनवर आलेल्या जोतीरामनं पाणी इंजिनावर उसळू नये म्हणून ट्रकच्या तोंडाला ताडपत्री बांधली.

"पाण्यात थांबलो की इंजिन गेलंच समज," तो म्हणाला.

ट्रक ओढ्यात मधोमध येताच रंगूबाईनं मांडीवरचा नारळ उचलला. "आवं, जरा थांबा. वटी सोडते."

पुराच्या पाण्याला इथंच ओटी द्यायची घरची रीत. जोतीरामचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ट्रकनं पुढं रेटलेलं पाणी माघारी फिरलं, दाराच्या फटीतनं आत शिरलं, गार गार पावलांवर चढलं. इंजिन धापा टाकू लागलं.

"थांबू नगा," नारळ तसाच पोटाशी धरून रंगूबाई कुजबुजली. "चला, चला वं."

त्यानं ॲक्सिलेटर दाबून धरला. काठ येईस्तोवर दोघांनीही श्वास सोडला नाही.

वर येताच जोतीरामनं इंजिनातलं तेल तपासायची पट्टी बाहेर ओढली. पाणी मिसळलं असतं, तर तेल दुधाळ झालं असतं. हात एवढा कापत होता, की काही दिसेना. रंगूबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तेव्हा कुठं दिसलं, तेल काळंच होतं.