गाडीत बसलेले नानासाहेब

रविवारी सकाळी पोलोग्राउंडमधल्या एका बंद कारखान्यासमोर जुन्या गाड्यांची रांग लागायची. दम गेलेली इंजिनं, उडालेला रंग, आणि शेजारी हार-नारळ घेऊन उभे असलेले मालक. नवी गाडी परवडत नाही, इंजिन खोलायचं तर खर्च झेपत नाही, आणि आत गतीनाथ महाराज नुसता हात ठेवून गाडीत ताकद भरतात म्हणे!

"हॉर्सपॉवर तो घोड़े की होती है," महाराज माइकवरून गरजत, "हम देते हैं ईश्वरपॉवर! पिस्टन में कार्बन नहीं, प्रारब्ध जमा है!"

चमत्कार सगळ्यांसमोर व्हायचा. आधी शिष्य पडद्यामागे गाडीला 'स्नान' घालत. मग मालक ती समोरच्या सिमेंटच्या चढावर घेई. निम्म्यातच गाडी धापा टाकी आणि मागे येई. महाराज बॉनेटवर हात ठेवत, शिष्य गाडीच्या मागे बसून धूप दाखवत, आणि दुसऱ्या खेपेला तीच गाडी सरसर वर! टाळ्या, जयजयकार, दक्षिणा.

मी निशिगंधा. मूळची साताऱ्याची, आता या हिंदी मुलखातल्या शहरात एका पॉलिटेक्निकमध्ये मोटारीचं इंजिन शिकवते. बड्या गणपतीच्या देवळाजवळ लक्ष्मीकांतच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्या रविवारी लक्ष्मीकांत आपली अठ्ठावीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन रांगेत होता, सोबत त्याची आई यमुनाकाकू, आणि गंमत बघायला मी.

"घरून तर बरी आली होती हो," गाडी चढावर अडली तेव्हा लक्ष्मीकांत पुटपुटला.

महाराजांनी हात ठेवला, धूप झाला, पण गाडी दुसऱ्यांदाही चढेना. महाराजांनी डोळे मिटले. "इसमें कोई बैठा है. भारी पुरुष. घर का मालिक... नानासाहेब!"

काकू मटकन खाली बसल्या. नानासाहेब म्हणजे त्यांचे यजमान, आठ महिन्यांपूर्वी दुपारी चार वाजता गेलेले. गाडीचं आरसी बुक आत शिरतानाच जमा करून घेतलं होतं, त्यावर नाव त्यांचंच होतं, आणि काकूंचं कपाळ सगळ्यांना दिसत होतं. पण तेव्हा तिथे विचार कोण करणार? मला तेव्हाच पडद्यामागे जायला हवं होतं. मी नुसती हसले आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेले.

नानासाहेब किती वाजता गेले हे काकूंनाच विचारून महाराजांनी एकवीस दिवसांचा विधी दिला. बॉनेटला लाल धागा बांधला. मेकॅनिकचा हात लागता कामा नये. रोज चार वाजता काकूंनी गाडीत बसायचं, इंजिन चालू, काचा बंद, धूप पेटता. म्हणजे नानासाहेब बोलतील, मोकळे होतील आणि गाडी पळू लागेल.

घराला लागून पत्र्याचं गॅरेज होतं. रोज चारला त्याचं दार लागायचं आणि आत इंजिन घरघरू लागायचं. कॉलेजमधून लवकर आले की जिन्यावरून मला ते ऐकू यायचं. घरघरीत मधेच एक लांब, दबका सुस्कारा असे, थेट थकलेल्या माणसासारखा. ऐकायचं नाही असं ठरवूनही मी थबकत असे.

"आज त्यांनी छातीवर हात ठेवला ना निशा," आठव्या दिवशी काकू म्हणाल्या. "एकदम भारी हात. श्वासच घेता येईना." त्यांचे गाल तांबूस दिसत होते आणि डोळे कुठेतरी दूर लागले होते.

"काकू, डोकं दुखतं का?"

"दुखतं. उलटीसारखंही होतं. महाराज म्हणाले, असंच होतं, निघताना तकलीफ देतातच."

मी लक्ष्मीकांतला गाठलं. तो वैतागून म्हणाला, "निशिगंधाजी, इंजिन तुम्ही शिकवता, मान्य. पण हे इंजिनच्या पलीकडचं आहे. आई आठ महिन्यांनी हसायला लागलीय यार."

मग मीच काकूंना म्हटलं, उद्या मी तुमच्यासोबत बसते.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही दोघी पुढच्या सीटवर बसलो. गॅरेजचं दार बंद, काचा बंद. धुपाने डोळे चुरचुरत होते. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून हलक्या आवाजात घरातल्या गोष्टी सांगत होत्या. लाइट बिल भरलं, लक्ष्मीकांतला खोकल्याची तक्रार आहे, गुलाबाला कळी आलीय. पायाखालून तो सुस्कारा येत होता. मी घड्याळ बघत होते, पण काही वेळाने काटे वाचता येईनात. कपाळात ठोके पडू लागले. सहज आरशाकडे नजर गेली.

मागच्या सीटवर नानासाहेब बसले होते.

काळा कोट, गळ्यापाशी लावलेलं बटण, थोडी उजवीकडे वळलेली मान. मला भीतीसुद्धा वाटली नाही. उलट आपण त्यांची जागा अडवून बसलोय असं वाटलं. "बसा ना," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा ऐकू आला. शेजारी काकू बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांची मान छातीवर पडली होती.

त्या पडलेल्या मानेने मला भानावर आणलं. मी नानासाहेबांना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिला होता तो बैठकीतला फोटो, काळा कोट, उजवीकडे वळलेली मान. मागे बसलेला माणूस माझ्याच डोक्यातून आला होता. आणि डोकं असं कशाने होतं, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडीचं आणि मग गॅरेजचं दार ढकललं. काकूंना काखेत धरून फरफटत अंगणात आणलं आणि "लक्ष्मीकांत!" म्हणून ओरडले. वळून पाहिलं तेव्हा मागची सीट रिकामी होती, तरी तिकडे पाठ करायला मला धीर होत नव्हता.

दवाखान्यात काकूंना ऑक्सिजन लावला, मलाही तासभर. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड. आणखी पाच-दहा मिनिटं बसल्या असत्या तर मला काही करता आलं नसतं."

संध्याकाळी लक्ष्मीकांतसमोर मी गाडीच्या धुराच्या नळीत लांब पक्कड घातली. आतून ओला लाल कापडाचा बोळा निघाला, नारळाच्या शेंड्या गुंडाळलेला, इतका खोल रुतलेला की धूप दाखवताना शिष्याला तो काढताच आला नसावा. इंजिनाला श्वास सोडायला जागाच नव्हती, म्हणून ताकद गेली. कोंडलेला धूर सायलेन्सरच्या गंजलेल्या जोडातून फुसफुसत बाहेर पडत होता. तोच तो सुस्कारा. तिथून गाडीच्या तळाच्या सडलेल्या पत्र्यातून धूर आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धुराला जो होता तो धुपाने झाकला.

लक्ष्मीकांतने बोळा हातात घेतला. "मीच आईला बसवत होतो," तो म्हणाला. मग त्याने बॉनेटचा धागा तोडला.

शुद्धीवर आल्यावर काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "तू त्यांना हाकललंस," म्हणाल्या, आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या तीन दिवसांत लक्ष्मीकांतने आणि मी गाडी दुरुस्त केली. नवा एअर फिल्टर, चार प्लग, कार्बोरेटरची सफाई, जोडाला वेल्डिंग, टायरमध्ये नीट हवा. महाराजांच्या दक्षिणेपेक्षा कमीच खर्च आला. गाडी तरुण झाली नाही, पण तिच्यात उरली होती तेवढी ताकद तिला पुरी मिळाली.

रविवारी आम्ही पोलोग्राउंडला गेलो. काकू न बोलता मागे येऊन बसल्या. रांगेत पुढे परेश नावाच्या नमकीनवाल्याची व्हॅन होती. स्नान होऊन ती चढावर अडली, तेव्हा मी पुढे झाले. "भिया, जरा मागून बघू द्या." पक्कड घातली आणि लाल बोळा सगळ्यांसमोर ओढून काढला.

"वो तो गाडी का जनेऊ है!" महाराज ओरडले.

"मग आता मंत्र न म्हणता चढवा, परेशभाऊ."

व्हॅन सरळ वर गेली. मी बोळा परत घातला, ती अडली. काढला, चढली. तिसऱ्या खेपेला गर्दी व्हॅनच्या मागे गोळा झाली. "महाराज ताकद देत नाहीत," मी म्हणाले, "आधी तुमचीच काढून घेतात आणि मग तीच परत देतात. आमची मात्र परत दिली नाही." लक्ष्मीकांतने पोलिसांना फोन लावला. शिष्य मागच्या दाराने पांगले. तरी दोन-चार जण पुढे होऊन महाराजांच्या पाया पडलेच. त्या पहिल्या रविवारीही आलेली एक बाई मला म्हणाली, "पण बेटा, नानासाहेबांचं नाव कसं कळलं त्यांना?" मी आरसी बुकांचा गठ्ठा दाखवला. ती मान हलवत राहिली, पटलं नव्हतं.

तेव्हा काकू गाडीतून उतरल्या. अजून अशक्त होत्या, दाराला धरून उभ्या राहिल्या.

"मी यांच्यासोबत बेचाळीस वर्षं संसार केला," काकू त्या बाईला म्हणाल्या. "मला साधा ताप आला तर हा माणूस उशाशी जागायचा. आणि तोच माझ्या छातीवर हात दाबून माझा श्वास कोंडेल? मी त्यांना चांगली ओळखत होते. तरी या अनोळखी माणसाचं ऐकलं, आणि हा एक सवाल स्वतःला विचारला नाही. तुम्ही विचारा. कोणाच्याही पाया पडायच्या आधी विचारा."