दोन बाटल्यांची ज्योत

फटाक! ज्योत पुन्हा विझली. हातातला गॅसचा टॉर्च बाकावर आपटावा की कुणाच्या डोक्यात घालावा, याचा विचार करत मी उभा राहिलो. जवळ डोकं एकच होतं, कागद गिरणीच्या फोरमनचं, आणि त्याच्यावर तर माझं पोट होतं.

समोर लोखंडी घोडीवर गिरणीचा शाफ्ट, म्हणजे यंत्राचा जाड दांडा, पडला होता. त्याच्यावर दातेरी चाक असं अडकून बसलं होतं की हातोड्यालाही दाद देत नव्हतं. उपाय एकच. चाक चहूबाजूंनी झपाट्याने तापवायचं, म्हणजे ते फुगतं, आणि आतला शाफ्ट तापायच्या आत खेचून काढायचं. रेंगाळलात तर दोन्ही एकत्र फुगतात आणि मेहनत पाण्यात. दुपारच्या भोंग्यापर्यंत चाक निघालं तर गिरणीची सगळी दुरुस्ती यापुढे माझ्याकडे. नाही निघालं तर हमरस्त्यावरच्या मोठ्या कारखान्याकडे, आणि माझ्या अर्ध्या शेडला कुलूप.

अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. बाबा गेल्यावर मी आणि दादाने वर्कशॉप वाटून घेतलं. मध्ये भिंत घातली, तेव्हा गवंड्यावर विश्वास नाही म्हणून आखणीच्या दोरीची दोन टोकं आम्हीच धरली होती. ॲसिटिलीनच्या बाटल्या दोन, म्हणून एकेक. दोन्ही बाटल्या एकत्र जोडायचा संच मात्र एकच होता. मग तोही वाटला. मला मधली जोडपट्टी, दादाला तिच्या दोन्ही नळ्या. एकाचं दुसऱ्याशिवाय काडीचं काम नाही, पण वाटणी कशी चोख!

आणि आज नेमकं त्याच संचावाचून अडलं होतं. तापवायचा मोठा टॉर्च म्हणजे खादाड प्राणी. बाटलीतला गॅस एका द्रवात विरघळलेला असतो. बेताने मागितला तर मुकाट्याने येतो, ओरबाडला तर तो द्रवही सोबत वर येतो, ज्योत थुंकते आणि फटाक. दोन बाटल्या जोडल्या की निम्मा निम्मा भार. हे मला झोपेतही ठाऊक होतं. तरी सकाळपासून मी नोझल बदललं, रबरी होज बदलला, गॅसवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. गॅसच्या दाबाचा काटा लाल रेषेपुढे तेवढा नेला नाही, कारण त्यासाठी बाबांनी लहानपणी कानाखाली आवाज काढला होता.

"होणारे की नाही?" फोरमनने घड्याळाकडे बघत विचारलं.

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. टॉर्च पेटवला. फटाक.

तेवढ्यात वहिनी दारात आली. "भाऊजी, फटाके फोडताय की काम करताय? पलीकडे आमची भांडी हादरतायत."

"एक बाटली पुरत नाहीये."

"मग ह्यांची घ्या. सांगू का ह्यांना?"

"मी काही त्याच्या पाया पडायला येणार नाही."

"पाया कोण पडायला सांगतंय? बाटली मागा. तुम्हा दोघांपुढे मी तर बाई हात टेकले," असं म्हणत ती माझ्या उत्तराची वाट न बघता निघूनही गेली.

थोड्या वेळाने दादा रस्त्याने वळसा घालून आला. ट्रॉलीवर बाटली, गळ्यात दोन्ही नळ्या. भिंत झाल्यापासून त्याने माझ्या शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. माझ्याकडे न बघता तो फोरमनला म्हणाला, "यांना म्हणावं, जोडपट्टी काढा."

मी जोडपट्टी काढली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. नळ्या लागल्या, पाना फिरला, आणि बाटलीचा व्हॉल्व्ह उघडायला मी वाकलो तेव्हा मला दिसलं. बाटलीच्या एका अंगावर धुळीचा जाड थर होता, त्यात कोळ्याचं जाळं. दुसरं अंग लख्ख.

"आडवी ठेवली होतीस?"

"मग उभी कुठे करू?" दादा आता थेट माझ्याशी बोलला. "तुझ्या भिंतीने जागा खाल्ली. बाकाखालीच मावते ती."

"माझी भिंत? दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?"

आडवी पडलेली ॲसिटिलीनची बाटली लगेच वापरायची नाही. आतला द्रव तोंडाशी आलेला असतो, तो खाली बसेपर्यंत तिला उभी करून ताटकळायचं. बाबांनी आम्हाला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट ही.

"किती वेळ?" फोरमनने विचारलं.

"संध्याकाळ होईल," दादा म्हणाला.

माझी तार सटकली. म्हटलं, खड्ड्यात गेला तो द्रव, आणि व्हॉल्व्हला हात घातला. दादाने त्याच्यावर पंजा दाबून धरला. मी उपटायला गेलो, तो हलेना. "नाही," एवढंच म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून तो मला जास्तच डोक्यात गेला.

फोरमनने भोंग्याची वाटही पाहिली नाही. गाडी बोलावली, माणसांनी शाफ्ट उचलला. जाताना तो सहज म्हणाला, "वर्कशॉप एकच होतं ना तुमचं? पूर्वी तर मोठं काम करायचात."

दादा घरी गेला नाही. बाटलीच्या एका बाजूला तो बसला, दुसऱ्या बाजूला मी. वहिनी चहा ठेवून गेली, तो निवला. मला त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या आणि रडायचंही होतं. दोन्ही जमलं नाही.

ऊन उतरल्यावर तो उठला. "लाव," म्हणाला.

मी टॉर्च पेटवला. अशी ज्योत बाबांच्या वेळेनंतर पाहिली नव्हती. निळी, ताठ, एका सुरात घुमणारी. एकदाही थुंकली नाही, एकदाही अडखळली नाही. ती मी हातात धरून उभा होतो आणि समोरची घोडी रिकामी होती.

"बंद कर. गॅस जातोय," दादा हळूच म्हणाला.

मी टॉर्च विझवला. मग माझी बाटली मी बंद केली. त्याची त्याने.