दोन्ही टोकं एकाच डब्यात

मी एक निळी वायर बोलतेय. दहा फूट लांब, दोन्ही टोकांना पारदर्शक प्लग. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कुणाचे ना कुणाचे निरोप माझ्यातून सतत धावत असायचे.

एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी पाच वर्षं काढली. माझं एक टोक कोपऱ्यातल्या, सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या डब्यात, दुसरं रिपोर्ट टाइप करायच्या कॉम्प्युटरमध्ये. नेट बंद पडलं की माणसं आधी माउस आपटतात, मग एकमेकांना विचारतात, तुझं चालू आहे का? माझ्याकडे बघायची फुरसत कुणालाच नसते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी नेटवर्क बघणाऱ्या ताईंनी तो कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवला. नोकरीला लागून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. माझं मोकळं टोक लोंबतं ठेवून त्या घरी गेल्या. सकाळी साफसफाई करणाऱ्या मावशी आल्या. सुटलेली वस्तू जागेवर लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्याच डब्यात एक भोक रिकामं होतं. तिथं त्यांनी मला टक्कन बसवलं.

झालं! एका टोकाने निघालेला निरोप दुसऱ्या टोकाने पुन्हा त्याच डब्यात, तिथून परत माझ्यात. एकाचे हजार झाले. मी नुसती गरगरत होते. डब्याचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. एकही रिपोर्ट बाहेर जाईना, आणि माणसांची रांग दाराबाहेर गेली.

ताईंनी राउटर तीनदा बंद करून चालू केला. नेटच्या कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडे सगळं ठीक होतं. मग एकेक कॉम्प्युटर तपासत बसल्या. मी इथे जिवाच्या आकांताने तडफडत होते, पण मला तोंडं दोन आणि आवाज एकही नाही.

तेवढ्यात लॅबचे साहेब आले. "काल शेवटचा हात तूच लावलास ना? बारापर्यंत सुरू झालं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

ताईंचे डोळे भरून आले. मावशी दारातच पोछा घेऊन उभ्या होत्या. साहेबांची पाठ वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ती निळी वायर सकाळी मीच खोचली. लोंबत होती म्हणून." नोकरी त्यांनाही हवीच होती.

ताईंनी मला खसकन उपटलं. दिवे ताळ्यावर आले, रिपोर्ट भराभर निघाले. मलाही केवढं हायसं वाटलं.

साहेबांनी विचारलं, काय झालं होतं? ताईंनी मावशींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वायर खराब होती. काढून टाकली."

तेव्हापासून मी भंगाराच्या खोक्यात आहे. गळ्यात चिठ्ठी, ताईंच्या अक्षरातली: 'खराब'. माझी तार न् तार शाबूत आहे आणि पडून राहणं मला सोसत नाही. सुरुवातीला त्या दोघींवर मी फार चिडले होते. पण रोज सकाळी मावशींची बादली खोक्याजवळून जाते, पाठोपाठ ताईंची चप्पल वाजते, आणि माझा राग निवळतो.

मी खराब नाही. पण एवढं करा, हे साहेबांच्या कानावर घालू नका.