सर्वांत मोठं आधी

इअरफोनच्या रबरी टोपीत बाबांच्या कानातला मळ अडकला होता, आणि तो टाचणीनं काढता काढता तिच्या मनात आलं — हे एवढंसं बोंड, आणि यात आपण आपल्या वडिलांना कोंडून ठेवलंय.

कोंडून? छे, काहीतरीच. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची नजर गेली, तेव्हा ही ऑडिओबुकं कुणी शोधून दिली? मीच ना? चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली, रहस्यकथा, भुताखेतांच्या गोष्टी, एकदा तर चक्क मधमाशीपालन... शेजारीण येता-जाता म्हणायची, "मुलगी असावी तर अशी. किती निवडून निवडून ऐकवते!" आणि ती मान खाली घालायची. निवडायची कशी, ते तिचं तिलाच ठाऊक. यादी उघडायची, 'सर्वांत मोठं आधी' यावर बोट ठेवायचं, आणि जे वर येईल ते लावून द्यायचं — एकवीस तास, सव्वीस तास, मधमाश्यांचे एकतीस. ते संपेपर्यंत पलीकडच्या खोलीतून हाक यायची नाही आणि शिलाई मशीनवर गणवेशांच्या कॉलरी भराभर उतरायच्या. पण सगळं बिल कामाच्या नावावर फाडलं, तरी ती हाकच नकोशी झाली होती, हे खरं होतं.

"बाबा, आता काय लावू? इतिहास आहे एक, नवीनच आलाय, चांगला पन्नास तासांचा—"

"नको गं. एखादं छोटं बघ. विनोदी, नाहीतर प्रेमाबिमाचं. काहीही चालेल."

"छोटं कशाला? लगेच संपेल की."

"संपलं की तू येतेस ना."

सहज म्हणाले. तक्रार असती तर तिला भांडता तरी आलं असतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या... बरं झालं यांना दिसत नाही, असं मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला त्याहून लाज वाटली.

चाळीस मिनिटांची एक विनोदी कथा सापडली. ती लावताना कोपऱ्यातला वेगाचा आकडा दिसला — पाऊणपट. पहिल्याच आठवड्यात तिनं तो कमी केला होता, पुस्तकं आणखी पुरावीत म्हणून, आणि मग विसरूनही गेली होती. बाबांनी एकदा विचारलं होतं, "हे वाचणारे सगळेच असे दमलेले कसे गं? पोटाला मिळत नाही की काय बिचाऱ्यांना?" "पद्धतच असते ती," असं तिनं ठोकून दिलं होतं.

आता आकडा सरळ करावा, तर पहिल्याच वाक्याला कळेल. स्वल्पविराम सुटला तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्यांना हे कळणार नाही? आणि न करावा, तर चाळीसाची त्रेपन्न होतील — तेरा मिनिटं पुन्हा तिच्याच पदरात...

"लावलंस?"

"लावते," म्हणत ती त्यांच्याजवळ खाटेवर बसली. कधीपासून बसलीच नव्हती ती इथे. गादी दबली तसे बाबा एकदम सावध झाले. त्यांचा हात चाचपडत तिच्या मनगटापर्यंत आला.

"का गं? काही वाईट झालंय का?"

'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तेही खोटंच झालं असतं.