निरोगी म्हणून ठेवलेल्या पेशी

बशीतल्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. ताईने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, चष्मा पुसला, परत पाहिलं. चष्मा पुसून बदलतील अशातल्या त्या नव्हत्या. आदल्या दिवशी किरणांचा मारा खाऊन आतून चिंध्या झालेल्या, तरी खुशाल एकीच्या दोन होत होत्या.

"परत घाण झाली," ती म्हणाली. "कोणीतरी कॅन्सरच्या बशीतला थेंब यात सांडलाय."

"कोणीतरी म्हणजे मीच ना?" टेक्निशियन म्हणाला. त्याचे निम्मे केस याच खोलीत पिकले होते.

"मी नाव घेतलं का?"

"मॅडम, इथे तुमच्या-माझ्याखेरीज फक्त फ्रीज आहे."

ताई हसली नाही. तिने बशीत जंतुनाशक ओतलं आणि बशी कचऱ्यात टाकली. गेले कित्येक आठवडे हेच चाललं होतं.

तिची सगळी उमेदीची वर्षं एका प्रथिनामागे गेली होती. पेशीच्या केंद्रात अशी काही प्रथिनं असतात, की ती डीएनएवर ठाण मांडून बसतात आणि कोणतं जनुक वाचायचं, कोणतं मिटून ठेवायचं ते ठरवतात. काही 'वाढा' म्हणतात, काही 'पुरे'. ताईचं प्रथिन पुरे म्हणणाऱ्यांतलं. डीएनए फाटला की ते थांबवणारी जनुकं जागी करतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीला सरळ मरायला लावतं. तेच बिघडलं की फाटकी पेशी वाढत राहते, तिच्या पोटच्या पेशीही फाटक्याच निपजतात, आणि कॅन्सरला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

हे दाखवायचं तर रोगी पेशींच्या शेजारी निरोगी पेशी ठेवाव्या लागतात. त्यासाठी जो हाताशी सापडेल त्याला गळ घालायची, ही प्रयोगशाळांची जुनी खोड. ताईच्या हाताशी धाकटी बहीण सापडली होती. धाकटीने लग्नाआधी दंडावरची कणभर कातडी हसत हसत दिली होती. "घे, पण माझ्या पेशींना उपाशी ठेवू नकोस हं." त्या पेशी इतकी वर्षं गोठवून ठेवलेल्या होत्या. आधीचा साठा संपला म्हणून यंदा त्या बाहेर निघाल्या, आणि त्याच या बशीत वाढत होत्या.

मधल्या काळात धाकटीच निरोगी राहिली नव्हती. तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: पूर्ण स्तन काढायचा, किंवा फक्त गाठ काढून वर किरणोपचार घ्यायचे. धाकटी म्हणत होती, काढूनच टाका, नसती कटकट नको. तिला समोर बसवून समजावलं ते ताईने. "घरात जाणतं माणूस असताना घाबरतेस कशाला? किरणं घे." धाकटीने ऐकलं. लहानपणापासून ती ऐकतच आली होती, आणि ताईलाही त्याची सवय झाली होती.

धाकटी आजारी पडली, रोज किरणं घ्यायला जाऊ लागली, तरी ताईच्या मनात तिच्या पेशी निरोगीच राहिल्या. आता याला काय म्हणावं? एकदा कुपीवर 'निरोगी' लिहिलं की शिकलेल्या माणसालाही पुढचं दिसत नाही.

टेक्निशियनच्या पदरात त्याची चूक घालावी, म्हणून ताईने नवी बशी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. उत्तर आलं: भेसळ नाही. सगळ्या पेशी एकाच बाईच्या. आणि 'पुरे' म्हणणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं, बहुधा जन्मापासूनच.

ताईला आई आठवली. आई त्या दोघी लहान असताना गेली होती. पायाचं दुखणं, एवढंच घरात सांगत. कसलं पायाचं दुखणं? हाडातली गाठ असणार. हे आईकडून धाकटीत आलं असेल, तर ज्या किरणांनी तिच्या गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी मारायच्या, त्यांनीच आसपासच्या पेशी फाटणार होत्या. आणि फाटल्यावर त्या थांबणार नव्हत्या. ते थांबणं न थांबणंच तर ताई रोज बशीत बघत होती आणि कचऱ्यात टाकत होती.

धाकटी फोन उचलेना. ताई तशीच अ‍ॅप्रनवर इस्पितळात धावली. किरणोपचाराच्या जाडजूड दारावर लाल दिवा लागला होता.

"बंद करा ते!" ती यंत्र चालवणाऱ्या बाईवर ओरडली.

"अहो, हळू. कोण तुम्ही? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मला बंद करता येत नाही. बसा, होतच आलंय."

आतून एकसुरी घरघर येत होती. ताईने दारावर तळहात टेकला. दार गार होतं. मग घरघर थांबली, दिवा विझला आणि धाकटी शर्टाची बटणं लावत बाहेर आली.

"अगं, तू इथे? संपलं एकदाचं! आजचं शेवटचं होतं. घरी येऊन तुला चकित करणार होते."

ताईने तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकताना धाकटीचा हात वरच्या बटणावर तसाच राहिला.

"म्हणजे याने मला पुन्हा होणार?"

"होईलच असं नाही. पण धोका वाढला. तुला हे द्यायलाच नको होतं."

"तुला कधी कळलं?"

"आज." ताईला तिथेच थांबता आलं असतं. तिला ते जमलं नाही. "पण दिसत होतं आधीपासून. मला वाटायचं, बशी खराब झाली. मी टाकून द्यायचे."

"किती वेळा?"

"दर वेळी."

धाकटीने वरचं बटण लावलं.

"आणि माझ्या पोरीत?"

"असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता. तू उद्या तिला घेऊन ये, मी स्वतः तपासते, कोणाच्या हाती—"

"तू नको."

धाकटी चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर ताईने ते निमूट ऐकून घेतले असते. पण परक्या माणसाशी बोलावं तशी ती हळू बोलली.

"दुसऱ्या कोणाचं तरी नाव दे. तिच्या रक्ताला तू हात लावू नकोस."