माईंनी चहा सोडला तेव्हा

“हे पिल्लू आपल्या पायांनी चालेपर्यंत मला चहा वर्ज्य!” देवापुढे हात जोडून माई नवस बोलल्या, त्या सकाळी मी ओट्यावर पालथा वाळत होतो. मी कप बोलतोय, माईंचा चहाचा. निळ्या काठाचा, कानाशी जरासा टवका उडालेला. पाहुण्यांसाठी सहा कपांचा संच आहे, पण माईंचे ओठ फक्त मला. त्याचा मला कोण तोरा!

झालं असं, की शेजारणीने खोक्यातून बदकाची पाच पिल्लं आणून दिली. चौघं अंगणभर किडे टिपत हिंडायची. पाचवं मात्र गुडघ्यांवर बसलेलं. माई त्याला मांडीवर घेऊन भिजवलेला पाव भरवायच्या. ते जितकं मलूल, तितका पाव जास्त. नवसाला आठवडा झाला, तरी पाय फाकलेलेच.

माईंचे यजमान म्हणाले, “अगं, तुझ्या चहाचा नि त्याच्या पायांचा काय संबंध? डॉक्टरांना तरी दाखव.”

प्राण्यांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी पाय चाचपले. “काय खातं हे?”

“पाव. माझ्याच हातचा लागतो हो त्याला!”

“माई, लाडानेच लंगडं केलंत की! जीवनसत्त्व कमी पडलंय, ब-तीन. पावाने ते भरून निघत नाही. बदकांचं खाणं द्या, त्यात यीस्टची पूड. आणि कोमट पाण्यात पोटाखाली हात धरून पोहवा.”

माईंचा चेहरा एवढासा झाला. पूड कालवायला त्यांनी झटकन हाताशी घेतलं ते मलाच! जिथे माईंचे ओठ टेकायचे, तिथे ती चपटी चोच. अंगाला पुडीचा आंबूस वास. माझा नुसता जळफळाट झाला. ‘मरो मेलं!’ असंही मनात येऊन गेलं.

आणि मीच चपापलो. ते मेलं, तर नवस फिटायचा कसा? माई पुन्हा चहाला शिवणार कशा? माझं सुख त्या चोचीच्या हाती! मग मीही हळूच म्हटलं, “देवा, त्याला चालव. मी जळणं सोडतो.”

नवसाच्या तेराव्या दिवशी पिल्लू फरशीवर उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि डुलत डुलत माईंच्या पायांशी गेलं. माई हसता हसता रडल्या. चहाचं आधण चढलं. मी ताठ झालो.

तेवढ्यात पिल्लू माझ्याकडे मान उंचावून ओरडायला लागलं.

“कप ओळखतंय बरं का तुझं लेकरू!” यजमान हसले.

माईंनी मला उचलून पिल्लापुढे ठेवलं. “असू दे, हा आता त्याचाच. पूड अजून बरेच दिवस द्यायचीय.” आणि त्यांनी पाहुण्यांचा कप काढला.

काळजात कळ आली, खोटं कशाला बोलू? पण बोलल्या नवसापासून मागे फिरायचं नसतं. आता मी अंगणात असतो, पाण्याच्या टपाशेजारी. रोज थोडा जळतो, रोज पुन्हा सोडतो.

तुमच्याही घरात कुणी दुबळं असेल, तर आधी त्याला काय लागतं ते विचारा. मग नवस जरूर बोला. पण चहासाखर सोडणं सोपं हो; माझ्यासारखं आतलं काहीतरी सोडून बघा.